जॅझ फ्लूटवादकाने शोरो का वाजवावा

प्रश्न: मी सहा-सात वर्षं जॅझ फ्लूट वाजवतोय. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या बऱ्याच चाली पाठ आहेत, सोलो ऐकून उतरवतो, कॉर्डचा अभ्यासही आहे. तरी माझा सोलो सॅक्सोफोनची नक्कल वाटतो, वेगात जीभ अडखळते आणि ड्रम सुरू झाले की माझा आवाज बुडतो. ओळखीचा एक ब्राझिलियन गिटारवादक म्हणाला, वर्षभर शोरो (रिओ दि जानेरोमधलं जुनं वाद्यसंगीत) वाजव. पण शोरोत जॅझसारखे सोलोच नसतात म्हणे. मग जॅझवाल्याला त्याचा नेमका काय उपयोग? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर:

त्या गिटारवादकाचं जरूर ऐका. मी जॅझकडून शोरोकडे गेलो, आज दोन्ही वाजवतो आणि शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. बीबॉपची, म्हणजे पार्करच्या वेगवान जॅझशैलीची, भाषा घडली ती ऑल्टो सॅक्स आणि ट्रम्पेटवर. त्या वाद्यांवर सूर किंचित मागे ओढून धरला तरी त्यात वजन येतं. फ्लूटवर तोच प्रकार केला की ओळ लुळी पडते. शिवाय जॅझमधले नावाजलेले फ्लूटवादक पाहिलेत तर बहुतेक जण आधी सॅक्सवाले. 1950 च्या दशकात काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्लूटला जागा मिळवून देणारा फ्रँक वेस मुळात टेनर सॅक्सवाला. जेम्स मूडीही सॅक्सवाला, एरिक डॉल्फी ऑल्टो आणि बास क्लॅरिनेटवाला. ह्यूबर्ट लॉजसारखे फ्लूटवरच वाढलेले थोडे. म्हणजे आपण ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून शिकतो, त्यांनीही ती भाषा दुसऱ्या वाद्यावरून फ्लूटवर आणलेली आहे.

शोरोत फ्लूट पहिल्या दिवसापासून मुख्य वाद्य आहे. जवळजवळ दीडशे वर्षांतल्या असंख्य चाली फ्लूटवाल्यांच्या बोटांखाली घडल्या, आणि त्या चालींमध्ये ताल आणि हार्मनी यांचा सगळा हिशोब एकेरी सुरावटीतच मांडलेला असतो. ड्रम आणि बास काढून घेतले तरी जिच्यात लय आणि कॉर्ड ऐकू येतात अशी ओळ वाजवता न येणं, हीच जॅझ फ्लूटवाल्याची सगळ्यात मोठी उणीव असते. शोरो ती भरून काढतो. बाकीचे फायदे याच्यातूनच निघतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो थेट तुमच्या रियाजाशी जोडलेला आहे. 1870 च्या सुमारास रिओ दि जानेरोमधले वादक युरोपातून आलेले पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच आपल्या ढंगाने वाजवू लागले. तो ढंग ब्राझीलमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या तालांचा होता. या मंडळींमधला पहिला मोठा माणूस म्हणजे ज्वाकिम कालादो (1848–1880). स्वतः फ्लूटवादक, रिओच्या संगीत विद्यालयात फ्लूटचा शिक्षक. त्याच्या ताफ्यात फ्लूट, कावाकिन्यो नावाचं चार तारांचं छोटं वाद्य आणि दोन गिटार. अशा ताफ्यांत बहुधा फ्लूटवाल्यालाच तेवढं नोटेशन वाचता यायचं, साथीदार कानावर विसंबून कॉर्ड पकडायचे. मग अनपेक्षित ठिकाणी स्वर वळवून गिटारवाल्यांना चकवायचं आणि ते सापडतात का ते पाहायचं, हा फ्लूटवाल्यांचा आवडता खेळ होता. जॅझच्या जॅम सेशनमधली खुमखुमी तुम्हाला यात लगेच ओळखू येईल.

त्याच शहरात 1859 पासून मात्यू-आंद्रे राइशेर्ट हा बेल्जियन फ्लूटवादक राहत होता. सम्राट दुसरा पेद्रो याच्या दरबारासाठी तो आला आणि येताना नव्या बोम पद्धतीची (आजच्या फ्लूटसारख्या चाव्यांची) फ्लूट घेऊन आला. कालादो मात्र जुन्या पद्धतीची लाकडी फ्लूट वाजवायचा. खालच्या आणि वरच्या सप्तकात आळीपाळीने उड्या मारत एकाच फ्लूटमधून दोन वाजत असल्याचा भास करणं, ही दोघांचीही खासियत. दोघेही 1880 मध्येच गेले. राइशेर्टचं नाव तुम्ही ऐकलं नसेल असं होणार नाही: ओपस 5, रोजचे सात व्यायाम. जगभरचे फ्लूटचे विद्यार्थी ते घोकतात आणि ते लिहिणारा माणूस शोरोच्या जन्माच्या वेळी रिओतच होता हे बहुतेकांना माहीत नसतं. ते व्यायाम बाराही स्केलमध्ये वाजवून झाल्यावर एखादा जुना शोरो उघडा. त्या कोरड्या आर्पेजिओंना इथे चाल मिळालेली दिसेल. मला स्वतःला त्या व्यायामांची गोडी शोरोनंतरच लागली.

आता जिभेकडे वळू. जॅझमध्ये आपल्याला शिकवतात की ऑफबीटच्या, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या, सुराला जीभ लावायची आणि पुढच्या सुरात तो मिसळून द्यायचा. सॅक्सवर हे झकास चालतं. फ्लूटवर, विशेषतः मधल्या सप्तकात, वेग वाढला की सगळी ओळ एकाच फुंकरीची लांब रेघ होऊन जाते. शोरो 2/4 मध्ये असतो आणि प्रत्येक मात्रेत चार सूर, म्हणजे आपल्याकडची चौगुन, जवळजवळ अखंड चालू असते. ताफ्यात ड्रमसेट नसतो. असतो तो पांदेइरो, म्हणजे हातात धरायची झांजांची चामडी चकती. वादक अंगठा, बोटांची टोकं आणि तळहाताची टाच वापरून त्या चारही भागांचा आवाज सतत काढत राहतो. फ्लूटची जीभ त्या झांजांच्या किणकिणीत बरोबर बसली तरच चाल ऐकू येते, नाहीतर दोन्हीचा गोंगाट होतो.

ते चार सूर सारखे नसतात. पहिल्या आणि चौथ्यावर वजन असतं, मधले दोन हलके आणि किंचित एकमेकांजवळ सरकलेले. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे समजावायला मला सोपी वाट सापडली आहे: फ्लूट बाजूला ठेवा आणि ‘तकधिमि’ म्हणा. ‘त’ आणि ‘मि’ ठसठशीत, ‘कधि’ पटकन जाऊ द्या. आता मधली दोन अक्षरं जोडून ‘त-कऽ-मि’ म्हणा, म्हणजे पहिला सूर तोकडा, दुसरा दुप्पट लांब, तिसरा पुन्हा तोकडा. ब्राझीलच्या संगीतात पावलोपावली भेटणारी सिंकोप हीच. हे दोन बोल तोंडात बसले की फ्लूटवर मधल्या सप्तकातला एकच सूर घ्या, समजा बी, आणि मेट्रोनोम 60 वर ठेवून दुहेरी जिभेने ‘त-क-त-क’ वाजवा. तुमचा ‘क’ ‘त’पेक्षा कमजोर निघेल, सगळ्यांचाच निघतो. म्हणून रोज थोडा वेळ उलटं, ‘क-त-क-त’, वाजवायचं. त्यानंतर पहिल्या आणि चौथ्या सुराला धक्का द्या. इथे खरी मेख आहे: चौथा सूर ‘क’वर पडतो, म्हणजे कमजोर जिभेलाच वजन उचलावं लागतं. माझ्या अनुभवात दुहेरी जीभ सुधारायला याच्याइतका नेमका व्यायाम दुसरा नाही.

एका सुरावर जमलं की स्केलवर, मग चालीवर. मेट्रोनोमचा ठोका फक्त दुसऱ्या मात्रेवर ठेवा, कारण या संगीताचं वजन तिकडे झुकलेलं असतं. दोन आणि चारवर मेट्रोनोम लावणाऱ्या जॅझवाल्याला ते जड जात नाही.

जॅझमध्ये याचा फायदा कुठे दिसतो? सगळ्यात आधी वेगवान चालींत. लय खूप चढली की स्विंगचे आठांश सूर जवळजवळ सरळच होतात. तिथे लांब-तोकड्याचा फरक उरत नाही, स्विंग टिकतो तो कुठल्या सुराला वजन दिलं यावर. ज्याच्या जिभेला चारांपैकी हवा तो सूर उचलता येतो, त्याची बीबॉपची ओळ धावतानाही बोलते. बाकीच्यांची नुसती धावते.

श्वासाबद्दल शिक्षक क्वचितच बोलतात, म्हणून इथे थांबतो. शोरोच्या चाली फार वेळा मात्रेच्या आधीच्या तीन सुरांनी उचलल्या जातात आणि पुढच्या मात्रेच्या पहिल्या सुरावर टेकतात. म्हणजे वाक्य संपतं समेवर आणि नवं वाक्य सुरू होतं समेनंतरच्या दुसऱ्या सुरापासून. आपल्याला मात्र बारच्या, म्हणजे नोटेशनमधल्या तालाच्या खणाच्या, रेषेवर श्वास घ्यायची सवय असते. तिथे घेतलात तर वाक्याचा शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा सूर तोडून टाकता. श्वास घ्यायचा तो सम वाजवून झाल्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या सुराच्या फटीत. जिथे फटच नाही तिथे कुठला सूर गाळला तर चालीचं नुकसान होणार नाही ते आधीच ठरवून पेन्सिलने खूण करायची. ही सवय जॅझमध्ये नेलीत की तुमची वाक्यं चार-चार बारच्या डब्यांतून बाहेर पडतात. बारच्या रेषेवरून पलीकडे जाऊन थांबणं, हेच तर आपण पार्करकडून शिकायचा प्रयत्न करत असतो. फ्लूटवर त्याची किल्ली फुफ्फुसात आहे.

हार्मनीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा कॉर्डचा अभ्यास आहे. शोरोत तुम्हाला नवे कॉर्ड फारसे भेटणार नाहीत. एका डॉमिनंटवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या साखळ्या, मधले डिमिनिश्ड कॉर्ड, तिसरा किंवा पाचवा सूर खर्जात असलेले उलटे कॉर्ड, एवढंच. महत्त्व आहे ते ओळ त्यांच्यातून कशी जाते याला. ए सेवनवरून डी मायनरवर जायचंय असं धरा. जॅझचा विद्यार्थी तिथे स्केल आठवतो. शोरोची ओळ सरळ सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट अशी चढते, वरून ए ला येते आणि जी, ई या दोन शेजाऱ्यांना स्पर्श करून एफ वर टेकते. आठ सुरांत कॉर्ड, ताण आणि सुटका तिन्ही झालं आणि बासवाल्याची गरजही पडली नाही. अशी शेकडो वळणं पाठ झाली की कागदावरचे कॉर्ड वाचून सूर निवडण्याची धडपड कमी होते, बोटंच वाट दाखवतात. पार्करने 1951 मध्ये झेकिन्या दे आब्रेउची ‘तिको-तिको नो फुबा’ रेकॉर्ड केली. ती ऐका: त्या चालीत तो अजिबात परका वाटत नाही. क्रोमॅटिक सुरांनी मुक्कामाच्या सुराला वेढा घालायची पद्धत दोन्हीकडे आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतली असं मी म्हणणार नाही. शोरो आणि अमेरिकेतला रॅगटाइम यांची मुळं सारखी आहेत, युरोपी नाच आणि आफ्रिकी ताल, सोळा-सोळा बारचे भाग, 2/4 ची चाल. म्हणून ही भावकी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, शोरोत सोलो नसतात मग उपयोग काय.

जुन्या शोरोचा साचा बहुधा असा असतो: तीन भाग, प्रत्येक सोळा बारचा, आणि क्रम अ अ ब ब अ क क अ. प्रत्येक भाग वेगळ्या स्केलमध्ये. ‘तिको-तिको’त ए मायनर, ए मेजर आणि सी मेजर तिन्ही येतात. या क्रमात ‘अ’ चार वेळा येतो आणि चारही वेळा तसाच वाजवणारा शोरोवाला कुणी ऐकून घेत नाही. पहिल्यांदा चाल स्वच्छ मांडायची. दुसऱ्यांदा एखादी हरकत, एखादा सूर अलीकडे किंवा पलीकडे. ‘ब’ फिरून परत आल्यावर तिसऱ्यांदा वाक्याचा शेवट वेगळा, कदाचित एक सप्तक वर. चौथ्यांदा मोकळीक सगळ्यात जास्त, पण ऐकणाऱ्याला चाल सतत दिसली पाहिजे. जुन्या ठुमरी गाणाऱ्यांकडे एकाच बोलाच्या किती जागा निघायच्या हे ज्याने ऐकलंय त्याला हे शिस्तीचं स्वातंत्र्य नवं वाटणार नाही.

जॅझमध्ये आपण चाल एकदा वाजवून बाजूला ठेवतो आणि कॉर्डवर बांधकाम सुरू करतो. बहुतेक फ्लूटवाल्यांचे सोलो तिथेच घसरतात, कारण हातात उरतात पाठ केलेले तुकडे, आणि ते सॅक्सचे असतात. शोरो तुम्हाला चाल हातात धरून चालायला लावतो. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग करायला लावतो: कुठलाही 32 बारचा जॅझ स्टँडर्ड (सगळेच वाजवतात असं गाणं) घ्या आणि चार फेऱ्या वाजवा. अट एकच, चारही फेऱ्यांत ऐकणाऱ्याला गाणं ओळखू आलं पाहिजे आणि कुठलीही फेरी आधीसारखी नको. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची दुसऱ्याच फेरीत दमछाक होते. काही महिने शोरो वाजवलेल्यांची होत नाही. आणि गंमत म्हणजे त्यांच्या खुल्या सोलोंनाही हळूहळू स्वतःचा चेहरा येतो, कारण कल्पना चालीतून फुटायला लागतात आणि फ्लूटवर शोभतील अशाच फुटतात.

यासाठी ज्याच्याकडे जायचं तो माणूस म्हणजे पिशिंगिन्या (1897–1973). लहान वयातच नावाजलेला फ्लूटवादक, 1919 मध्ये ‘ओइतो बातुतास’ या ताफ्याचा म्होरक्या. 1922 मध्ये हा ताफा पॅरिसला गेला, काही महिने तिथे वाजवला. तिथे पिशिंगिन्याने जॅझ बँड ऐकले आणि त्याच्या हाती सॅक्सोफोन आला. पुढे 1928 मध्ये त्याचे ‘लामेंतोस’ आणि ‘कारिन्योझो’ रेकॉर्ड झाले तेव्हा यात अमेरिकी संगीताचा वास येतो म्हणून टीका झाली. आज या दोन चाली शोरोचा कणा मानल्या जातात. ‘कारिन्योझो’ तर त्याने 1917 च्या सुमारास बांधली होती, पण तिला दोनच भाग आणि रिवाज तीन भागांचा, म्हणून ती वर्षानुवर्षं बाहेरच काढली नाही. 1937 मध्ये शब्दांसह रेकॉर्ड झाली आणि घरोघरी पोचली.

पण तुमच्या कामाच्या खऱ्या रेकॉर्डिंगा आहेत त्या 1946 पासूनच्या, पिशिंगिन्या आणि बेनेदितो लासेर्दा या जोडीच्या. तोवर पिशिंगिन्याने फ्लूट सोडून टेनर सॅक्स हाती घेतला होता. फ्लूटवर चाल लासेर्दा वाजवतो आणि खाली टेनरवर पिशिंगिन्या दुसरी, स्वतंत्र ओळ विणत जातो. ‘उम आ झेरो’ ऐका. नावाचा अर्थ एक-शून्य, 1919 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल स्पर्धेत ब्राझीलने उरुग्वेवर त्याच गुणांनी विजय मिळवला त्याची आठवण. लासेर्दाच्या जिभेकडे लक्ष द्या: एकही सूर पुसट नाही, व्हायब्रेटो जेमतेम, लांब सूर सरळ. मग पुन्हा पहिल्यापासून लावा आणि या वेळी फक्त टेनर ऐका. फ्लूट थांबते तिथे तो बोलतो, फ्लूट धावते तिथे तो एकेक लांब सूर ठेवतो, भाग बदलायच्या आधीच्या दोन बारमध्ये पुढच्या स्केलचा दरवाजा उघडून देतो. पुढे सात तारांच्या गिटारवर दिनो सेते कोर्दासने खर्जातल्या ज्या ओळी रुजवल्या त्यांचं मूळ या टेनरमध्ये आहे.

तुम्ही सॅक्सही वाजवत असाल तर दोन्ही ओळी पाठ करा, चाल फ्लूटवर आणि टेनरची ओळ टेनरवर. सॅक्स नसेल तर तीच ओळ एक सप्तक वर उचलून फ्लूटवर वाजवा. जॅझ बँडमध्ये दुसरा वादक सोलो घेत असताना किंवा गायिका गात असताना फ्लूटने काय करायचं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला इथे सगळी उत्तरं मिळतात. मला विचाराल तर शोरोतून जॅझवाल्याने न्यायची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आवाज बुडतो म्हणालात. शोरो पारंपरिक पद्धतीने रोदात वाजतो: टेबलाभोवती वादक बसलेले, मागे ऐकणारे, माइक नाही, समोर कागदही नाही. जॅझ फ्लूटवाल्याला माइकची आणि खालच्या सप्तकातल्या धुरकट, हवाळ आवाजाची सवय लागलेली असते. तो आवाज रोदात दोन हातांवरही पोचत नाही. तिथे आवाज पोचवायला जास्त हवा लागत नाही, ओठांची फट लहान आणि हवेचा वेग जास्त लागतो, आणि प्रत्येक सुराची सुरुवात स्पष्ट असावी लागते. शोरोच्या चाली बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या सप्तकात राहतात, त्यामुळे वरचे सूर किंचाळू न देता, सुरेल आणि हलके वाजवायची तालीम आपोआप होते. मी रिओत रोदात पहिल्यांदा बसलो तेव्हा शेजारच्या कावाकिन्योवाल्याने मधेच वाद्य थांबवून माझ्या फ्लूटकडे कान आणला आणि हाताने खूण केली, ‘टोकदार कर’. मोठ्याने वाजव असं तो म्हणाला नाही. हा फरक डोक्यात ठेवा. ड्रमच्या समोरही तोच उपाय चालतो.

जे शोरो देत नाही तेही सांगायला हवं. ब्लूज तुम्हाला इथे मिळणार नाही. एकाच कॉर्डवर दहा मिनिटं रमणं, मोठ्या मोकळ्या जागा सोडणं, बीटच्या मागे आरामात रेलून वाजवणं हे सगळं जॅझमध्येच शिकावं लागेल. शोरो वाजवताना मागे रेललात तर रोदातली माणसं वळून पाहतील. उलट दिशेची सावधगिरीही घ्या: शोरोच्या चालीत जॅझचे पाठ तुकडे कोंबू नका आणि चौगुनीला स्विंग करू नका. बोसा नोव्हा या ब्राझीलच्याच मवाळ शैलीलाही शोरोचा पर्याय समजू नका. हर्बी मानपासून कितीतरी जॅझ फ्लूटवाले 1960 च्या दशकात बोसाकडे वळले, सुंदर रेकॉर्ड केल्या. पण बोसाच्या लांब सुरांच्या चाली फ्लूटवाल्याच्या दुबळ्या बाजू झाकतात. शोरो त्या उघड्या पाडतो, म्हणून औषध म्हणून तोच लागू पडतो.

सुरुवात ‘कारिन्योझो’ने करा. लय संथ आहे, आणि पहिल्याच बारांत साथीतला पाचवा सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर जाऊन परत येतो, ती हालचाल कानात ठेवून चाल वाजवायची. मग कालादोची ‘फ्लोर आमोरोझा’, मग ‘लामेंतोस’. मँडोलिनवादक जाकोब दो बांदोलिमची ‘दोसे दे कोको’ आणि ‘नोइतेस कारियोकास’ घ्याच, फक्त लक्षात ठेवा की मँडोलिन फ्लूटपेक्षा खाली उतरतं, तेव्हा काही वाक्यं सप्तक बदलून घ्यावी लागतात. कावाकिन्योचा सर्वात खालचा सूर डी, त्यामुळे कावाकिन्योवादक वाल्दिर आझेवेदोच्या चाली फ्लूटच्या पल्ल्यात सहज बसतात. पण त्याच्या ‘ब्राझिलेइरिन्यो’ची घाई करू नका, ती जिभेची परीक्षा आहे. ‘उम आ झेरो’ही त्यानंतरच. जॅझकडे परत येणारा पूल हवा असेल तर एर्मेतो पास्कोआलची ‘शोरिन्यो प्रा एले’ शेवटी ठेवा.

नोटेशन मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही, रिओच्या ‘कासा दो शोरो’ने मोठा संग्रह इंटरनेटवर खुला केला आहे. पण कागद पहिल्या आठवड्यापुरताच. नोटेशनमध्ये चार सूर सारखे दिसतात, वजन दिसत नाही, आणि पाठ नसलेल्या चालीत हरकत सुचत नाही. प्रत्येक चालीची निदान एक जुनी रेकॉर्ड सोबत ठेवा: लासेर्दा, अल्तामिरो कारिल्यो, आणि फ्लूट नसली तरी जाकोबचा 1967 चा ‘विब्रासोइस’ हा संग्रह. चालीला नटवायचं कसं आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे जाकोबइतकं नेमकं कुणी दाखवलेलं नाही. वर्षात आठ-दहा चाली पक्क्या झाल्या तरी भरपूर आहेत, पण प्रत्येकीचा ‘अ’ चार तऱ्हांनी वाजवता आला पाहिजे.

तुमच्या आसपास शोरोचा ताफा मिळण्याची शक्यता कमी, म्हणून बँडमधल्याच लोकांना घेऊन बसा. ड्रमवाल्याला सेट सोडायला सांगा आणि नुसता स्नेअर ब्रशने, चारही भाग अखंड, दुसऱ्या मात्रेवर वजन देऊन वाजवायला लावा. पांदेइरो नसेल तर खंजिरी वाजवणारा कुणी असला तरी काम भागतं, फक्त त्याला चौगुन हलकी ठेवायला सांगा. गिटारवाल्याला मोठे जॅझ कॉर्ड नकोत, तीन-चार सुरांचे उलटे कॉर्ड हवेत. बासवाल्याला वॉकिंग (प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालणं) बंद करायला सांगून 1946 च्या रेकॉर्डमधली टेनरची ओळ द्या. पहिल्या बैठकीत ‘कारिन्योझो’ एवढी एकच चाल घ्या, आणि सगळ्यांचा आवाज एकमेकांना माइकशिवाय ऐकू येईपर्यंत लय वाढवू नका.